राजांची नाकं

मेक्सिकोत बंड पेटलं, तेव्हा सोनार क्रिसोफोरो राजाच्या चांदीच्या नाण्यांवर बंडखोरांचा ठसा मारून द्यायचा. अशी नाणी गावभर होती. पण ज्याच्या घरात तो मारायचा लोखंडी ठसा सापडेल, तो फासावर जाणार होता.

झडतीची वर्दी आली, तसा त्यानं ठसा चुलीच्या राखेत पुरला. वळून पाहतो, तर नाण्यांवरच्या साऱ्या राजांची नाकं चुलीकडे. नाणी फिरवली, तरी चुलीकडेच.

नवल वाटून त्यानं ठसा मक्याच्या पिठात लपवला. नाकं पिठाकडे वळली.

"भुका लागल्या असतील मेल्यांना," बायको तोमासा म्हणाली.

दारात घोडे थांबले. तिनं नाणी घाईघाईनं ओच्यात लपवली.

कप्तान आत आला. त्यानं कशालाही हात लावला नाही. खिशातून ठसा मारलेलं एक नाणं काढून तळहातावर ठेवलं आणि राजाचं नाक कुठं वळतं ते पाहत राहिला.