बिघडलेला फोटो

सोपानरावांनी रजिस्टर उचललं, तर पुठ्ठा तेवढा हातात आला. आतल्या पानांची माती झाली होती. कपाटातल्या निगेटिव्हची कागदी पाकिटंही वाळवीनं फस्त केली होती. निगेटिव्ह मात्र शाबूत होत्या. वाळवीला माणसांच्या तोंडांत गोडी नसावी.

दौंडात स्टेशनाबाहेर स्टुडिओ टाकल्यापासून सोपानरावांची एकच पद्धत होती. पाकिटावर नंबर, रजिस्टरात नंबरापुढं नाव. रेल्वे कॉलनीतल्या कुणी जुना फोटो मागितला, की मिनिटात काढून देत. आता नंबरही गेले आणि नावंही. जमिनीवर अंथरलेल्या चादरीवर वीसेक वर्षांचं दौंड उलटंपालटं पडलं होतं.

“भंगारात घालू सगळं,” ते म्हणाले.

दारात आलेल्या मुलीनं ते ऐकलं आणि उंबऱ्यावरच बसकण मारली. ती निमोण्याहून आली होती. नाव नकुशी. चौथी मुलगी झाली, की पुढची होऊ नये म्हणून ठेवतात ते नाव. पुढची व्हायच्या आत आईच गेली होती.

“मामी म्हणती, आईनं मला घिऊन हितं फोटू काढला व्हता,” ती म्हणाली. “मी लय रडले, हलले, म्हणून बिघडला. आईनं नेलाच न्हाई. पुढं ती वारली. तिचा एकुलता एक फोटू, त्योबी तुझ्यापायी गेला, असं मामी भाकरी वाढताना बी म्हणती. मला तिचं तोंड आठवत न्हाई, काका. आता माझं लगीन ठरलंय. जायच्या आधी एकदा बघायचंय.”

“बिघडलेला फोटो मी ठेवत नसतो, बाळ.”

“मी ठेवते,” आतून त्यांच्या बायको ललिताबाई म्हणाल्या. “कुणाचं तोंड केरात कसं टाकायचं?”

त्यांनी पदर खोचला, चादरीवरची एक निगेटिव्ह उचलली आणि उजेडासमोर धरली.

“काचेच्या फुलदाणीत शेवंती. म्हंजी ही परवाच्या दिवाळीची. आन् ही कागदाची फुलं. हा बहात्तरचा दुष्काळ. त्या साली यवतच्या बायांनी बाजारात फूल कुठलं आणलं होतं?”

सोपानराव बघत राहिले. प्रत्येक फोटोत खुर्चीशेजारी एक तिवई होती. तिवईवर ललिताबाई त्या दिवशी बाजारात मिळेल ते फूल ठेवत. आधी पितळेच्या तांब्यात. मग बदली होऊन जाताना एका गार्डसाहेबाच्या मॅडमनं दिलेल्या चिनी मातीच्या फुलदाणीत. ती फुटल्यावर काचेच्या. भांडं काळ सांगायचं, फूल महिना. सोपानराव इतकी वर्षं त्याला ‘हिचा नखरा’ म्हणत आले होते.

“हे तू ठरवून केलंस?”

“रजिस्टराला हात लावू देत होता का मला? मग मी माझं फोटूतच ठेवलं.”

सोपानरावांनी चष्मा पुसला आणि बायकोसमोर मांडी घातली. भिंतीलगत ढीग लागू लागले. तांब्यातला झेंडू, चिनी मातीतला निशिगंध, काचेतला अस्टर. प्रत्येक निगेटिव्ह उजेडासमोर धरून ते लहान पोरासारखे फुलाचं नाव पुकारायचे. मध्येच थांबून म्हणाले, “ललिता, ही वाळवी आधीच यायला पाहिजे होती.”

“आता कौतुक पुरे. पोरीचं बघा.”

पण पोरीचंच अडलं. तिच्या वयावरून, तिच्या वेळी तांब्या होता एवढं जमलं. फूल कुठलं, ते कोण सांगणार? तांब्याच्या ढिगात मांडीवर लेकरू घेतलेल्या बाया पुष्कळ निघाल्या. नकुशी एकेक निगेटिव्ह बघायची आणि खाली ठेवायची.

“मावशी, अशानं ह्या समद्याच माझ्या आया व्हतील.”

ललिताबाई हसल्या नाहीत. “लय रडलीस म्हणालीस ना?”

“मामी म्हणती.”

“अहो,” त्या नवऱ्याकडं वळल्या, “तांब्या रिकामा ठेवला म्हणून तुम्ही गिऱ्हाइकासमोर मला बोलला होता. आठवतं का?”

“मी काय एकदाच बोललोय तुला?”

“रिकाम्या तांब्यावरनं एकदाच. फूल नसलेला तांब्या हुडका.”

तो ढिगाच्या अगदी तळाशी सापडला. तिवईवर नुसता तांब्या. खुर्चीवर एक बाई, तिच्या मांडीवर लहानगी पोर. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं, तसे बाईचे केस पांढरेशुभ्र दिसत होते.

“आई म्हातारी दिसती की,” नकुशी पुटपुटली.

“छापल्यावर तरणी हुईल. आन् हे बघ.” ललिताबाईंनी बोट ठेवलं. पोरीच्या पांढऱ्या केसांत एक काळं फूल होतं. “ही पांढरी शेवंती. तुझं रडं थांबंना, म्हणून तांब्यातली काढून मीच खोवली.”

सोपानरावांनी निगेटिव्ह पुन्हा उजेडासमोर धरली. बराच वेळ बघितली.

“बिघडलाय मात्र खरा. हललाय.”

नकुशीनं मान खाली घातली. “व्हय. माझ्यापायी.”

“तू नाही हललीस.” त्यांनी निगेटिव्ह तिच्या डोळ्यांसमोर नेली.

पोर ताठ बसून नीट कॅमेऱ्यात बघत होती. कॅमेऱ्याकडं बघायचं असतं हे आईच विसरली होती. ऐन वेळी मान वळवून ती आपल्या नकुशीकडं बघत राहिली होती.