ताऱ्याची धुरी

माझ्या बायकोला, शेवंतीला, मुलगी झाली त्या वर्षी मी वेधशाळेवर राखणदार होतो. मंजिरीबाई तिथे धुळीत गुंडाळलेल्या एका नवजात ताऱ्यावर प्रबंध लिहीत होत्या. तारा दर गुरुवारी मंदावायचा. त्याचं कारण सापडेना, म्हणून पदवी अडली होती.

एका गुरुवारी कारण मला दिसलं. दर गुरुवारी मला डबा आणणारी माझी सुईण आत्या दुर्बिणीच्या तोंडाशी ओवा-वावडिंगाची शेगडी धरून उभी होती.

"आत्याबाई, हे काय?" बाई ओरडल्या.

"तान्ह्याला धुरी देतेय. नुकता जन्मलाय म्हणालीस ना?"

"त्याला दहा लाख वर्षं झाली!"

"आणि अजून कुणी न्हाऊ घातलं नाही?"

धुरी थांबली. तारा तरी मंदावायचाच, पण दर अकरा दिवसांनी, स्वतःच्याच धुळीने. बाईंना पदवी मिळाली. आत्या पदवी मिळण्याच्या आदल्या सोमवारी वारली.