तुझं तूच घे

"आजपासून तुझं तूच घे," असं म्हणत घड्याळवाल्याने इंजेक्शनचं सामान बायकोपुढे सरकवलं.

तिच्या कपाळावर आठी उमटली. पोटाचं ऑपरेशन झाल्यापासून तिला दर महिन्याला जीवनसत्त्वाचं इंजेक्शन लागायचं आणि आजवर ते त्यानेच दिलं होतं. घड्याळं दुरुस्त करणारा हात. सुई कधी टोचली आणि कधी निघाली, कळायचंही नाही. गेल्या खेपेस मात्र मांडी चांगलीच ठणकली होती.

"का? कंटाळलात?"

"तसं नाही गं. आपलं आपल्याला यायला हवं. उद्या मी नसलो तर?"

"कुठे निघालात?"

"बोलायची रीत असते," तो म्हणाला. पण तिच्याकडे पाहिलं नाही. हल्ली पाहतच नव्हता. नजर आपली तिच्या खांद्यावरून पलीकडच्या भिंतीवर. त्यात समोरच्या न्हाव्याने बोलता बोलता सांगून टाकलं होतं, "भाऊंचं दुकान दुपारचं बंद दिसतं आजकाल." घरी विचारावं तर उत्तर ठरलेलं, "कुठे जाणार? दुकानातच होतो." तेव्हापासून तिच्या मनात पाल चुकचुकत होती. आणि आता हे. जाणारा माणूस जायच्या आधी मागचं मार्गी लावतो, तसं.

तिने साबणाने हात धुतले, खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली.

"पाय सैल सोड," तो सांगू लागला. "मांडीचे मनात तीन भाग कर. मधला भाग, बाहेरची बाजू. मागच्या वेळी उजवी होती, आज डावी. स्पिरिटने पूस आणि वाळू दे. ओल्यावर टोचलंस तर झोंबेल."

सगळं घडाघडा. जणू पाठ करून आला होता. किती दिवस चाललंय हे मनात, तिला वाटलं.

तिने बाटलीवरचं नाव, तारीख वाचली. बाटलीची मान कापसात धरून ती फोडली, औषध ओढायला लागली आणि मध्येच थांबली. ह्याचं लक्ष आहे तरी कुठे, ते बघूच.

"बघा, बरोबर भरलंय का?"

त्याने सिरिंज खिडकीच्या उजेडात धरली. बराच वेळ धरली.

"बरोबर आहे."

सिरिंज अर्धीच भरली होती.

"एवढी घाई झालीय?" तिचा आवाज चढला. "कोण आहे ती?"

"कोण?"

"दुपारची!"

सिरिंज जपून तिच्या हातात देत तो म्हणाला, "डॉक्टर आहे. डोळ्यांची."

तिने त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं.

"कडेचं दिसतं," तो म्हणाला. "मधलं गेलंय. घड्याळाचे काटे गेले, सिरिंजवरच्या रेघा गेल्या. गेल्या महिन्यात तुला अंदाजानेच टोचलं मी. नंतर रात्रभर जीव थाऱ्यावर नव्हता. तुझ्याकडे सरळ बघितलं की नेमकी तूच दिसत नाहीस. म्हणून भिंतीकडे बघतो."

तिने डावी मांडी स्पिरिटने पुसली. उरलेलं औषध तिने ओढून घेतलं, सिरिंज उभी धरून हवा काढली, सुई बदलली.

"आता?"

"काटकोनात धर. झटकन आत घाल, पण दट्ट्या सावकाश दाब. संपलं की क्षणभर थांब आणि सरळ बाहेर काढ."

तिने दात आवळले आणि टोचलं. वाटलं होतं तेवढं दुखलं नाही. तो मान वळवून, तिरका होऊन, बघायचा प्रयत्न करत होता.

"कापूस दाबून धर. चोळू नकोस. सुईला टोपण लावायला जाऊ नकोस, बोटात जाईल. तशीच त्या जाड डब्यात टाक." मग त्याने विचारलं, "रक्त आलं का गं?"

"आलं. थेंबभर." तिने कापूस काढून पाहिला. "थांबलं."

"हं."

"दवाखान्यात एकटेच जात होतात?"

त्याने होकारार्थी मान हलवली.

ती उठली. आपली खुर्ची तिने त्याच्यासमोरून उचलली आणि त्याच्या उजव्या अंगाला, जरा मागे नेऊन ठेवली. बसली. पुन्हा उठून ती थोडी पुढे ओढली.

"इथून दिसते का?"

त्याने भिंतीवरची नजर हलू दिली नाही.

"दिसतेस," तो म्हणाला. "रागावलेली दिसतेस."