हाक येईपर्यंत

वळायचं नाही. काही झालं तरी हाक आल्याशिवाय वळायचं नाही!

तेजस्विनी गुहेकडे तोंड करून उभी होती. गुहा म्हणजे काय, तर बांबू, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या आणि वरून मातीचा हात. पाठीमागे नाशिकरोडचं अख्खं ख्रिस्ती कबरस्तान होतं. ताज्या चुन्याच्या कबरी, कबरींवर मेणबत्त्या आणि शाली पांघरून बसलेली सगळी मंडळी. ईस्टरची पहाट. दरवर्षी भक्ती, म्हणजे सगळ्यांची सामुदायिक प्रार्थना, इथेच होते आणि भक्तीआधी मुलांचं नाटक. यंदा मरीया तेजस्विनी होती. प्रभूची कबर रिकामी बघून रडणारी त्याची शिष्या मरीया.

फुलं अजून आली नव्हती. मखमलाबादचा धोंडीराम माळी दर ईस्टरला टोपली भरून आणायचा. त्याची वाट बघून बघून मंजुषा टीचरनी शेवटी नाटक सुरू करून टाकलं.

गेल्या वर्षापर्यंत ही पोरगी वर्गात हजेरी द्यायलासुद्धा लाजायची. आणि आता? आता तिचा आवाज माइकशिवाय शेवटच्या कबरीपर्यंत जायचा! फक्त एकच घोळ होता. तिला थांबताच यायचं नाही. प्रभू झालेला रविराज मागून विचारायचा, "बाई, का रडतेस?" मरीयेनं वळायचं नाही. हा इथला माळीच असणार, असं समजून त्याच्याशी बोलायचं. मग प्रभू तिला नावानं हाक मारणार, "मरीये!" तेव्हा कुठे तिनं वळायचं, ओळखायचं आणि म्हणायचं, "प्रभू!" पण तेजस्विनी दर तालमीत हाकेच्या आधीच गर्रकन वळून "प्रभू!" ओरडून मोकळी. रविराजचं तोंड उघडं ते उघडंच.

"अगं बाई, हाक तर येऊ दे!" मंजुषा टीचर कपाळावर हात मारायच्या. "कसली एवढी घाई तुला?"

"टीचर, काय येणार ते माहितीये ना मला!"

"तेच तर. ज्याला सगळं माहितीये त्याला ऐकू कसं येणार?"

खरं कारण तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं. वाट बघायची तिला भीती वाटायची. गेल्या पावसाळ्यात पप्पा गेले. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातली पाळी संपवून घरी आले, चहा मागितला आणि चहा उकळायच्या आत गेले. तेव्हापासून सगळे म्हणत होते, तू नुसती शांत बस, प्रभू बोलेल तुझ्याशी. ती बसली होती की! गच्चीवर बसली, चर्चच्या मागच्या बाकावर बसली. पंख्याची घरघर ऐकू आली. बाकी काही नाही. मग तिनं स्वतःच बोलायला सुरुवात केली. वर्गात, स्टेजवर, प्रार्थनेतसुद्धा. नुसती बडबड, मध्ये फट म्हणून ठेवायची नाही. लोकांना वाटलं, पोरगी काय धीट झाली!

पप्पांची कबर इथेच होती, शेवटच्या रांगेत. तिकडे ती आजही गेली नव्हती.

आज शेवटचं थांबायचं, तिनं ठरवलं होतं. आलं ऐकू तर आलं. नाही तर यापुढे कधीच, कोणासाठीच कान लावून बसायचं नाही.

"का रडती गं पोरी?" मागून आवाज आला.

रविराज्या! भर नाटकात गावठी बोलतोय? आणि घसा बसलाय की काय मेल्याचा? वळून त्याला एक सणसणीत लुक द्यावा असं तिला फार वाटलं. पण ती वळली नाही. तिनं आपलं वाक्य म्हटलं.

"दादा, तुम्ही त्यांना इथून नेलं असेल तर कुठे ठेवलंय सांगा ना. मी त्यांना घेऊन जाईन."

इतक्या तालमींत म्हटलेलं वाक्य. आज ते पहिल्यांदा तिच्या स्वतःच्या कानावर पडलं. घेऊन जाईन. घरी. आवाज मध्येच फुटला. डोळे, नाकबिक सगळं वाहायला लागलं. पुढे बोलायला तिच्याकडे काहीच उरलं नाही, आणि ती नुसती उभी राहिली. मागे कोणी खोकलंसुद्धा नाही. लांबून कोळशाची मालगाडी गेली आणि तिचाही आवाज विरून गेला.

मग हाक आली.

"तेजुल्या."

मरीये नाही. तेजुल्या! ह्या नावानं तिला जगात एकच माणूस हाक मारायचा, आणि तो शेवटच्या रांगेत निजला होता.

ती वळली. सावकाश वळली. एकलहऱ्याच्या धुरांड्यांमागून सूर्य वर येत होता आणि उजेड थेट तिच्या डोळ्यांत आला. समोर कोणीतरी उभं होतं, पण चेहरा दिसेना. आधी टोपी दिसली. मग खांद्यावरची टोपली, टोपलीतले गुलाब.

धोंडीराम. त्याला नाटकबिटक कुठलं ठाऊक! त्यानं आपली ओळखीची पोर कबरस्तानात रडताना बघितली होती, एवढंच. दर रविवारी तो चर्चच्या फाटकाशी फुलं विकायला बसायचा, तेव्हा पप्पा त्याला म्हणायचे, "धोंडीबा, माझ्या तेजुल्याला एक लाल दे." त्याच्या मागे, लिंबाच्या झाडाखाली, पांढऱ्या चादरीतला रविराज आ वासून उभा होता.

म्हाताऱ्यानं टोपलीतून एक लाल गुलाब काढला आणि पुढे केला.

"घे गं बाय. आज रईवार हाय ना."

तेजस्विनीनं दोन्ही हात पुढे केले. गुडघे आपोआप मातीला टेकले. त्या खऱ्याखुऱ्या माळ्याच्या तोंडाकडे बघत ती अगदी हळू म्हणाली, "प्रभू!"