गोल तेवढाच

म्हैसूरला विजयनगरच्या घरी मी गिऱ्हाईक सांगेल तशा टॉर्च बनवून देते. बन्नूरचे ऊसवाले माझ्याकडून किलोमीटरभर झोत जाणारी टॉर्च नेतात, आजवर कुणाची तक्रार नाही. तक्रार फक्त आमच्या अप्पांची. "लांब जातं गं, पण उजेडाचा गोल एवढासाच पडतो. स्वल्प रुंद कर."

झोत रुंद केला की तो लांब जात नाही, हे त्यांना तीनदा सांगून झालं. तरी रिफ्लेक्टर बदलला. "तेवढाच आहे." लेन्स बदलली. "तेवढाच आहे, विद्या."

मग मात्र मला राग आला. लांबच्या उजेडावर पाणी सोडलं, चार एलईडी बसवल्या आणि काल दिवेलागणीला अप्पांना अंगणात उभं करून टॉर्च त्यांच्याच हातात दिली. त्यांनी बटण दाबलं तसं फाटकापासून नारळापर्यंत सगळं अंगण पांढरंफटक झालं. समोरच्या जयलक्ष्मीबाई काय झालं म्हणून दार उघडून बाहेर आल्या.

"आता तरी झाला का रुंद?" अप्पांच्या पुढ्यात उभी राहून मी विचारलं.

"उजेड जास्ती झालाय," अप्पा म्हणाले. "गोल मात्र तेवढाच."

मी आवाज न करता दोन पावलं डावीकडे सरकले. भर उजेडातच होते.




"विद्या," अप्पा समोर बघत म्हणाले, "कुठं गेलीस गं?"