उघडंच आहे दार

"रघ्या, हे सांगतो त्यावर तू काय, अख्ख्या गंजाड गावात कोणी विश्वास ठेवणार नाही!" धोंडूबाबाने छाती पुढे काढली.

त्याच्यासारखाच रघ्याच्याही हृदयात स्टेंट होता. उद्या रघ्याच्या पाठीचा एमआरआय होता आणि मशीनचं लोहचुंबक आतली जाळी ओढून काढेल, या भीतीने तो जायला तयार नव्हता.

"अरे, माझ्या एमआरआयच्या वेळी डॉक्टरांनी स्टेंटचं कार्ड बघितलं. म्हणाले, हा चालतो, खुशाल झोपा. मी वाघासारखा आत गेलो. मग मशीन ठोकायला लागलं. ठक, ठक, ठक. जरा थांबायचं, पुन्हा ठक, ठक, ठक. थेट दार वाजवल्यासारखं! दारी आलेल्याला आपण माघारी धाडतो काय? मी म्हटलं, या, उघडंच आहे. तसं ठोकणं थांबलं."

रघ्या खदखदून हसला. "जातो बाबा उद्या."

धोंडूबाबाही ऐटीत हसला. जन्मभर त्याने ढीगभर थापा मारल्या होत्या; ही गोष्ट मात्र शब्दन्‌शब्द खरी होती.

चहा घेऊन आलेली सून वर्षा उंबऱ्यातच थबकली.

"खोटं बोलताय, बाबा! तुम्हाला आत सरकवलं आणि लाइट गेली. कळलं तर पुन्हा यायला नाही म्हणाल, म्हणून मी गप्प बसले. मशीन सुरूच झालं नव्हतं."