झोपून निवडलेला सायलेन्सर

पहिला सायलेन्सर सासूबाईंनी अर्ध्या मिनिटात नापास केला.

"हा खोकतोय," त्या म्हणाल्या. "पेशंट असता तर ऑक्सिजन लावला असता. पुढचा!"

मिस्त्रीनं सुनेकडे पाहिलं, सुनेनं गॅरेजच्या छताकडे. म्हणजे बघा ना, गाडी तिची, पैसे तिचे. डोंगरावरच्या पवनचक्क्या तपासायला रोज तीच जाणार. अर्धा रस्ता डांबरी, अर्धा नुसते दगडधोंडे, म्हणून तर दोन्हीकडे पळणारी ही छोटी उंच मोटारसायकल घेतलेली. आणि सायलेन्सर निवडणार कोण, तर जिला क्लच कुठला न् ब्रेक कुठला तेही माहीत नाही!

पण ठरलं होतंच तसं. सासूबाई आयसीयूत नर्स, कायमची रात्रपाळी. त्या सकाळी घरी येऊन जरा कुठे आडव्या होतात, आणि नेमकी तेव्हाच सून गाडी सुरू करते. जुना सायलेन्सर गंजून फाटलेला. खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. परवा तर सासूबाई उशी काखेत मारून जिना उतरून खाली आल्या. "एक तर माझी झोप राहील या घरात, नाहीतर ही गाडी!" नवरा काय करत होता? नवरा शहाणा, बाथरूममध्ये नळ सोडून बसला होता.

तर आज ड्यूटी संपवून त्या थेट गॅरेजातच आल्या, डब्याच्या पिशवीसकट. त्यांनी एखादा सायलेन्सर पास केला तर गाडी राहणार, नाहीतर विकायची. विकली की सुनेची डोंगरावरची नोकरीही गेली, कारण तिथवर बस जातच नाही.

दुसरा सायलेन्सर कंपनीचा, पण वापरलेला. नवा कोरा घ्यायचा तर त्यासाठी आधी गाडीच विकावी लागली असती. मिस्त्रीनं तो दोन्ही हातांनी पोटाशी धरून आणला, झोपलेलं पोर उचलून आणावं तसा. बसवला, गाडी सुरू केली. आवाज कसा, तर मांजर घुरघुरल्यासारखा.

"हा गुणी आहे," सासूबाई म्हणाल्या.

सुनेचा चेहरा पडला. "अहो आई, वजन बघा त्याचं! आणि लोंबतोय किती खाली. पहिल्याच दगडावर आपटून चपटा होईल."

"मग दगड चुकवून चालव."

"दगड चुकवायचे तर रस्ताच उरत नाही तिथे!"

"मावशी, अजून एक राहिलाय," मिस्त्री घाईघाईनं मध्ये पडला.

तिसरा. सुनेचा जीव अडकला होता तो यातच. इथेच बनवलेला, स्टीलचा, एका हातात मावेल इतका हलका. वर वळवलेला, म्हणजे ना दगड लागणार ना पाणी शिरणार. आत आवाज दाबायची नळी. आणि खिशाला झेपणारा! मिस्त्रीनं दोन नट आवळले, गाडीचं शेपूट रस्त्याकडे वळवलं आणि बटण दाबलं. आवाज खोल, जाड, एखादा लठ्ठ काका पोटातून हसावा तसा.

सासूबाईंच्या भुवया वर गेल्या.

"आई, मोठा नाहीये हो, जाड आहे," सून एका दमात म्हणाली.

"उभ्यानं काय कळणार मला? मी घरी उभी झोपते का?"

असं म्हणून त्या सरळ भिंतीलगतच्या बाकाकडे गेल्या. मिस्त्रीनं धावत जाऊन त्यावरचे पाने, चेन, अर्धी सीट सगळं खाली उतरवलं. सासूबाईंनी पिशवी उशाला घेतली, पदर डोळ्यांवर ओढला आणि त्या कुशीवर वळल्या.

"हं. रोज निघतेस तशी निघ. लाजू नकोस. मला झोप लागली तर पास."

सुनेनं देवाचं नाव घेतलं आणि गाडी रेस केली. थांबली. परत केली. बाकावरून काही नाही. आणखी जोरात केली. समोरच्या दुकानदारानं मान बाहेर काढली, पण बाकावरून हूं नाही की चूं नाही.

मग पदराखालून बारीक घोरणं ऐकू आलं.

"पास!" मिस्त्री कुजबुजला.

सून आनंदानं उडीच मारणार होती. पण मग तिला त्यांचे पाय दिसले. चपलेचे पट्टे रुतून वळ उठलेले, सुजलेले.

"कसला पास? रात्रभर उभ्या होत्या त्या. आज कानाशी बँड वाजवला असता तरी झोपल्या असत्या."

"पण ताई, ठरलं होतं ना? झोपल्या म्हणजे पास!"

"असू दे. उद्या परत विचारू. आत्ता झोपू दे त्यांना."

मिस्त्री बाकाशेजारचा टेबलफॅन त्यांच्याकडे वळवायला वाकला, आणि सुनेनं हळूच, अगदी मायेनं, किल्ली फिरवून गाडी बंद केली.

गॅरेज गप्प झालं.

सासूबाई ताडकन उठून बसल्या. डोळे अर्धे मिटलेले, पण हात बरोब्बर गेला तो मिस्त्रीच्या मनगटावर, तीन बोटं नाडीवर.

"कुठल्या बेडचं मशीन बंद पडलं?"

सुनेनं तशीच किल्ली फिरवली, बटण दाबलं. जाड्या काकाचं हसू पुन्हा सुरू झालं.

सासूबाईंनी क्षणभर कान दिला. खांदे खाली आले. "हं, चालू आहे," असं काहीसं पुटपुटत त्या परत आडव्या झाल्या, पदर डोळ्यांवर. घोरणं सुरू. मिस्त्रीचं मनगट मात्र सुटलं नाही.

तो बिचारा तसाच वाकून उभा. बराच वेळ झाला तसा हलक्या आवाजात म्हणाला, "ताई, टाकीत पेट्रोल किती आहे?"